दहा वर्षांवरच्या मुलालाही शेतकरी अपघात योजना लागू आहे: अर्ज कुठे अडतो आणि का

दर मे महिन्यात आम्ही चार-पाच जण गावातल्या पोरांना विहिरीवर पोहायला शिकवतो. कमरेला दोर, पोटाला हवा भरलेली ट्यूब, काठावर एक पट्टीचा पोहणारा. सकाळी सहा ते आठ एवढंच शिबिर. संध्याकाळी त्याच पोरांचे आईवडील मारुतीच्या देवळात कागदांच्या पिशव्या घेऊन येतात आणि आम्ही त्यांचे अडलेले अर्ज बघतो. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध आहे हे मला फार उशिरा कळलं. तीन उन्हाळ्यांपूर्वी एक बाई देवळात आली. पिशवीत मुलाचं शाळेचं ओळखपत्र, प्रगतिपुस्तक आणि आधार कार्ड, दुसरं काही नाही. मुलगा बारा वर्षांचा. शेततळ्यात बुडाला, त्याला पाच महिने झाले होते. शासनाकडून काही मिळतं हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं. आणि ज्या कागदावर सगळं उभं राहतं, तो कागद तयारच झालेला नव्हता.

योजनेचं नाव गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. आधी ती विमा योजना होती, कंपनी दावा मंजूर करायची किंवा फेटाळायची. एप्रिल २०२३च्या शासन निर्णयाने कंपनी मधून गेली आणि तहसीलदारांच्या समितीकडे निर्णय आला. अपघाती मृत्यूला २ लाख रुपये. दोन डोळे किंवा दोन अवयव कायमचे गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. वय १० ते ७५. सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार शेतकरी, आणि ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही असा त्याच्या कुटुंबातला कोणताही एक जण: आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलगा, अविवाहित मुलगी. म्हणजे पाचवीतली मुलगीसुद्धा यात बसते. लोक समजतात की कर्ता माणूस गेला तरच पैसे मिळतात. तसं नाही.

रस्ता, विहीर-तळं, विजेचा धक्का, सर्पदंश, विंचू, फवारणीतली विषबाधा, उंचावरून पडणं, जनावराचा हल्ला, बाळंतपणातला मृत्यू, हे सगळं यात येतं. नैसर्गिक मृत्यू आणि आत्महत्या येत नाही. नशेत झालेला अपघातही येत नाही.

आता अडतं कुठे ते सांगतो.

पहिली आणि सगळ्यात वाईट जागा म्हणजे शवविच्छेदन. पोर पाण्यातून बाहेर काढलं की घरात जे होतं ते मी पाहिलंय. आजी म्हणते, पोर तर गेलं, आता त्याची चिरफाड नको. पाहुणे म्हणतात, पोलिसांची भानगड कशाला. दोन तासांत अंत्यविधी उरकतो. मग अर्जाला लागणारा मरणोत्तर पंचनामा नाही, शवविच्छेदन अहवाल नाही, पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद नाही. हे तीन कागद नंतर कुठल्याही पैशाने, कुठल्याही ओळखीने तयार होत नाहीत. त्या आईचं हेच झालं होतं. तिच्यासमोर बसून हे सांगायची वेळ माझ्यावर आली, म्हणून हात जोडून सांगतो: अशी वेळ शेजारच्या घरावर आली तर तुम्ही शुद्धीवर राहा. पोलीस पाटलांना बोलवा, ठाण्यात खबर द्या, सरकारी दवाखान्यात नेऊ द्या. घरच्यांना त्या क्षणी हे सुचणार नाही, सुचावं अशी अपेक्षाही करू नये. साप किंवा विंचू चावून उपचाराआधीच मृत्यू झाला आणि शवविच्छेदन झालं नाही तर सूट आहे, पण वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र तरीही लागतंच. मांत्रिकाकडून थेट स्मशानात गेलेल्या माणसाला ते कोण देणार?

दुसरी जागा सातबारा. जमीन आजोबांच्या नावावर, वडील अजून खातेदार नाहीत, आणि अपघात झाला नातवाला. योजनेतल्या नात्यांच्या यादीत नातू नाही. आजोबांचा मुलगा बसतो, मुलाचा मुलगा बसत नाही. एकत्र घर, एक चूल, एकच शेत, तरीही नाही. हा नियम लिहिणाऱ्याने खेड्यातलं घर कधी आतून पाहिलंय का, असा मला दरवेळी प्रश्न पडतो. सुनेचा पोरगा त्याच शेतात राबतो की! पण नियम आहे तोवर आपण आपली बाजू बळकट करायची. आजोबा वारले असतील आणि वारस नोंद राहिली असेल तर ती आजच करा. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. फेरफार पडतो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. २०२५मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती मयतांची नावं उताऱ्यावर वर्षानुवर्षं पडून राहतात म्हणूनच. आजोबा हयात असतील तर वाटणीचा विषय घरात बसून बोला. तो अवघड आहे, मला माहीत आहे.

तिसरी जागा वय, आणि इथे एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिलेली असते. पोर खरं जन्मलं मार्चमध्ये. मे महिन्यात अपघात झाला तेव्हा ते खरं दहा वर्षं दोन महिन्यांचं, शाळेच्या दाखल्याप्रमाणे मात्र नऊ वर्षं अकरा महिन्यांचं. शाळेचा दाखला जोडला की अर्ज तिथेच संपला. ग्रामपंचायतीचा जन्म दाखला जोडा. तो काढलेला नसेल तर आत्ता काढून ठेवा आणि आधारवरची तारीख त्याच्याशी जुळवून घ्या. म्हाताऱ्यांचं उलटं होतं. आधार काढताना अंदाजाने साल धरून १ जानेवारी लागलेली असते आणि चौऱ्याहत्तरीचा माणूस कागदावर शहात्तरचा होतो.

चौथी, मुदत. अपघाताच्या दिवसापासून ३० दिवस. तेराव्यापासून नाही, शवविच्छेदन अहवाल हातात आल्यापासून नाही. मुलगा दवाखान्यात आठ दिवस झुंजून गेला असला तरी दिवस अपघातापासूनच धरा. विषबाधेत व्हिसेराचा, म्हणजे मृताच्या पोटातल्या अवयवांच्या रासायनिक तपासणीचा, अहवाल यायला महिने जातात, आणि ‘सगळे कागद जमले की देऊ’ म्हणणारा माणूस तिथेच फसतो. जे आहे ते जोडून तालुका कृषी अधिकारी कार्यालयात अर्ज द्या, राहिलेल्या कागदांची यादी करून ‘मिळताच सादर करतो’ असं पत्र सोबत लावा आणि तारीख-शिक्क्याची पोच घ्या. काउंटरवर ‘पूर्ण करून आणा’ म्हणून अर्ज परत ढकलला जातो, हे मी स्वतः उभं राहून अनुभवलंय. तेव्हा भांडू नका. आवक-जावक टेबलावर जा आणि अर्ज तिथे द्या.

बाकीचे कागद सरळ आहेत: सातबारा, मृत्यूचा दाखला, तलाठ्याकडचा गाव नमुना ६-क म्हणजे वारसांची नोंद, नातं दाखवायला रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक. रेशनकार्डावर मुलाचं नाव चढवलेलं आहे ना, तेवढं बघा. मयत स्वतः गाडी चालवत असेल तर वाहन परवानाही लागतो, म्हणून सुट्टीत पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती ट्रॅक्टर देऊ नका. ही सूचना पैशासाठी नाही, हे तुम्हाला कळतंय.

पैसे वारसाच्या खात्यात थेट येतात. मयत विवाहित असेल तर आधी पत्नी किंवा पती. मुलाच्या बाबतीत आईचा क्रम वडिलांच्या आधी आहे. आणि नेमकं आईचंच खातं आधारला जोडलेलं नसतं, किंवा पासबुकावर माहेरचं आडनाव असतं.

अर्ज दिल्यावर महसूल, पोलीस आणि कृषी अशा तिन्ही खात्यांची माणसं घटनेची पाहणी करतात, अहवाल तहसीलदारांकडे जातो, समितीने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा, कारण जिल्हा पातळीवर अपील करताना तोच कागद लागतो.

आता ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही त्यांचं काय? शेतमजुराचं पोर याच शेततळ्यात बुडतं, आणि ही योजना त्याला ओळखत नाही. ही गोष्ट मला आजही सहन होत नाही. पण त्याच्यासाठी, आणि वर सांगितलेल्या नातवासाठीही, दुसरी वाट आहे: राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. पहिली ते बारावीचा विद्यार्थी, जमिनीची अट नाही, मृत्यूला दीड लाख रुपये, आणि पोहताना किंवा सर्पदंशाने झालेला मृत्यूही त्यात धरलेला आहे. सुरुवात मुख्याध्यापकांकडून करायची. ‘सुट्टीत झालंय, शाळेचा काय संबंध’ असं ऐकून परत फिरू नका.

दोन्हींकडे एकदम अर्ज करायची घाई मात्र नको. अपघाताच्या दुसऱ्या सरकारी योजनेचा लाभ घेतला असेल तर मुंडे योजनेतून नकार येतो. त्यामुळे आधी बघा कुठे बसतं आणि कुठे जास्त मिळतं. वीज पडून मृत्यू असेल तर तहसील कार्यालयातून नैसर्गिक आपत्तीचे ४ लाख. वाघ, बिबट्या, रानडुक्कर असा वन्यप्राणी असेल तर वन विभागाचे २५ लाख, मग २ लाखांच्या अर्जामागे धावायचं कारणच नाही.

शेततळ्याबद्दल एक सांगायचं राहिलं. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात. शेततळ्याला खाली प्लॅस्टिकचं अस्तर, त्यावर शेवाळ, आणि चारी बाजू उतरत्या. चांगला पोहणारा गडीसुद्धा आत पडला तर वर चढू शकत नाही, हात सटकतो, पाय सटकतो, पाच मिनिटांत दमतो. चारही काठांवर खुंटा ठोकून हातभर अंतरावर गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडून ठेवा. जुन्या मोटारीचा दोर असेल तरी चालतो. गेल्या वर्षी आम्ही पोरांना दोर धरून अस्तरावर चढायचा सराव करून घेतला. बारा जणांपैकी पहिल्या झटक्यात तिघेच वर आले, बाकीच्यांना गाठीवर पाय कसा रोवायचा ते दाखवावं लागलं.

यंदा शिबिराची नोंदणी करताना आम्ही तीन झेरॉक्स मागतोय: मुलाचा जन्म दाखला, त्याचं नाव असलेलं रेशनकार्डाचं पान, आणि घरच्या जमिनीचा ताजा सातबारा. ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याला परत पाठवत नाही. संध्याकाळी त्याच्या वडिलांना देवळात यायला सांगतो.