खांदेरीचं दीपगृह अन् आपला कापूस

जुलै २०२५ मधे युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले तेव्हा आमच्या गावच्या ग्रुपवर पहिलं हेच आलं की विदर्भातला एकही काऊन नाही बाप्पा, गाविलगड नाही, नरनाळा नाही. ते भांडण वेगळं. पण त्या यादीत खांदेरी आहे, अन् किल्ल्यावर चक्क दीपगृह आहे. त्याचा धागा थोडाफार आपल्या इकडेही येतो, म्हणून हे लिहितोय.

अलिबागजवळ थळच्या समोर समुद्रात हे बेट. एकीकडे जंजिऱ्याचा सिद्दी, दुसरीकडे मुंबईचे इंग्रज, दोघांवर इथून नजर राहते हे महाराजांनी हेरलं आणि १६७९ मधे मायनाक भंडारीला पाठवून तटबंदीचं काम सुरू केलं. मुंबईच्या तोंडावरच किल्ला उठतोय म्हटल्यावर इंग्रज खवळणारच. कॅप्टन केग्विन रिव्हेंज जहाज घेऊन वेढा घालून बसला, पण आपल्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद पोचवून पसार व्हायच्या, मोठ्या जहाजांना तिथं वळताही यायचं नाही, वर ऑक्टोबरच्या लढाईत डव्ह नावाचं गलबत मराठ्यांनी धरूनच नेलं. शेवटी १६८० मधे इंग्रजांनी नाद सोडला. सिद्दी मात्र शेजारच्या उंदेरीवर येऊन बसला. पुढे आंग्र्यांच्या काळात, १७१८ मधे, मुंबईचा इंग्रज गव्हर्नर चार्ल्स बूनने परत हल्ला करून पाहिला, तोही फसला. लढून जे हाती लागलं नाही ते १८१८ मधे पेशवाई बुडाल्यावर आयतंच मिळालं.

म्हणजे ज्यांच्यावर पहारा ठेवायला किल्ला बांधला, त्यांनीच १८६७ मधे तिथं स्वतःच्या जहाजांसाठी दिवा लावला.

अन् १८६७ लाच जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची मुंबईहून निघालेली लाईन नागपूरला पोचली. अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१ ते ६५) तिकडचा कापूस अडला, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा माल हवा झाला, भाव असे चढले की विचारू नका, मग युद्ध संपलं अन् धाडकन पडले (हे आपल्याला काही नवीन नाही). तरी रेल्वे आलीच, १८७० मधे खामगावलाही फाटा आला. रुईच्या गाठी मुंबईला, तिथून जहाजात. दिवा कापसासाठीच लावला असं मी म्हणत नाही, पण बंदरातली जी वर्दळ वाढत होती त्यात आपल्या मालाचाही वाटा होता. १८७५ मधे कुलाब्याच्या टोकाला प्रॉंग्जचं दीपगृहही उभं राहिलं.

१९९८ मधे बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं, तरी कोळी लोक खांदेरीच म्हणतात. त्यांचा वेताळ तिथं आहे, दिव्याच्या कितीतरी आधीपासूनचा मान त्याचा. गाड्यावरच्या तोफा आहेत, अन् एक दगड असा की ठोकला तर लोखंडासारखा वाजतो. शाळेची सहल कोकणात नेत असाल तर थळहून बोट ठरवावी लागते, पावसाळ्यात मात्र विसरा.