सिमेंटी जमीन हवी आहे, पण कोणती? आयपीएस कोबा आणि मायक्रोसिमेंट यांतला फरक

घराचे नूतनीकरण काढलेल्यांच्या हाती येणाऱ्या कोटेशनमध्ये हल्ली ‘सिमेंट फिनिश फ्लोअरिंग’ अशी एक ओळ हमखास दिसते. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलचा कंटाळा आलेल्या आणि मातकट, करड्या किंवा फिक्या बदामी रंगाची, मंद पोत असलेली जमीन हवी असलेल्या घरमालकाला ती ओळ आवडतेही. अडचण एवढीच, की त्या ओळीखाली दोन अगदी वेगळी कामे मोडतात. एक आपल्याकडे कित्येक दशके चालत आलेला आयपीएस कोबा आणि दुसरे अलीकडे शहरांत रुळू लागलेले मायक्रोसिमेंट. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात, त्यामुळे एकाचा फोटो दाखवून दुसऱ्याचा दर सांगितला गेला तरी लगेच लक्षात येत नाही. कोबा हे गवंड्याचे काम आहे, तर मायक्रोसिमेंट रंगकामाला अधिक जवळचे आहे. कोब्यात जमीन घडवली जाते, मायक्रोसिमेंटमध्ये असलेल्या जमिनीवर थर चढवला जातो. वजन, भेगा, डाग आणि दुरुस्ती यांचे जवळपास सगळे प्रश्न या एका फरकातून निघतात.

आयपीएस म्हणजे इंडियन पेटंट स्टोन. हा सिमेंट, वाळू आणि बारीक खडी यांचा, जागेवरच ओतलेला काँक्रीटचा थर असतो. घरात त्याची जाडी सहसा 25 ते 50 मिलिमीटर ठेवतात, आणि अशा जागेवर केलेल्या काँक्रीट जमिनीसाठी आयएस 2571 हे भारतीय मानकही आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या घरांच्या पडव्यांमध्ये दिसणारी गुळगुळीत लाल जमीन याच कुळातली. तिथे वरच्या थराच्या सिमेंटमध्ये रेड ऑक्साइड मिसळलेले असते. (गच्चीवर गळती थांबवण्यासाठी करतात तो ब्रिकबॅट कोबा हे निराळे काम आहे, त्याचा दर या कामाच्या दराशी ताडून पाहू नये.)

कोब्याचे सगळे कौशल्य घोटाईत असते. काँक्रीट ओतून, रंध्याने सारखे केल्यावर काही वेळाने त्यातले पाणी पृष्ठभागावर येते. ते पाणी ओसरून थर किंचित आवळू लागला, की गवंडी फळीवर बसून लोखंडी थापीने दाब देत पृष्ठभाग घोटतो, आणि ही घोटाई थोड्या थोड्या अंतराने पुन्हा करावी लागते. घाईत असलेला गवंडी वर आलेले पाणी शोषून घेण्यासाठी त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरतो आणि लगेच थापी फिरवतो. त्या दिवशी जमीन आरशासारखी दिसते, पण ते वरचे सिमेंट खालच्या थराशी नीट एकजीव झालेले नसते. पुढे त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात, केर काढताना पांढरी भुकटी निघत राहते आणि कुठे कुठे पापुद्रे सुटतात. रंगीत कोबा असेल, तर वरच्या थरासाठी लागणारे सगळे सिमेंट आणि ऑक्साइड एकदाच कोरडे मिसळून, चाळून ठेवावे लागते. दर घमेल्याला अंदाजाने रंग टाकला, तर दिवाणखान्यात तीन प्रकारचे लाल दिसतात आणि ते नंतर दुरुस्त करता येत नाहीत.

आता भेगांविषयी. काँक्रीटमधले पाणी उडून जाताना ते आक्रसते, आणि मोठा सलग थर आक्रसताना कुठेतरी तडकणारच. म्हणूनच कोबा चौकटी पाडून करतात आणि मध्ये काचेच्या, अॅल्युमिनियमच्या किंवा पितळी पट्ट्या बसवतात. या पट्ट्यांना पुष्कळ लोक केवळ नक्षी समजतात. एक चौकट भरून शेजारची रिकामी सोडायची आणि ती नंतर भरायची, ही पद्धतही आक्रसण्याला वाव मिळावा यासाठीच आहे. घोटाईनंतर निदान आठवडाभर जमीन सतत ओली ठेवावी लागते, म्हणजे पाणी मारावे किंवा आळी करून भरून ठेवावे लागते. हे सारे नेटके करूनही एखादी केसासारखी भेग पडतेच. ज्याला पट्ट्या नकोत आणि भेगही नको, त्याने कोब्याच्या वाटेला जाऊ नये, आणि ‘बिनपट्टीचा, बिनभेगेचा कोबा करून देतो’ असे सांगणाऱ्याच्या तर मुळीच जाऊ नये.

मायक्रोसिमेंट हे सिमेंट, अतिशय बारीक दाण्यांचा माल, रंगद्रव्ये आणि पॉलिमर यांचे मिश्रण असते. सगळे थर मिळून त्याची जाडी दोन-तीन मिलिमीटर भरते. आधी प्राइमर, त्यावर फायबरची जाळी बसवून खालचे हात, मग बारीक दाण्याचे वरचे हात आणि शेवटी सीलर, म्हणजे पृष्ठभागाचे रक्षण करणारा लेप, असा क्रम असतो. प्रत्येक हात वाळल्यावर घासून साफ करावा लागतो. पात्याला लवचीकपणा असलेली थापी कमानीसारखी फिरवत हा थर ओढतात, आणि फोटोत आपल्याला भुरळ घालणारा ढगाळ पोत त्या थापीच्या फेऱ्यांचा असतो. पॉलिमरमुळे ते जुन्या टाइलवर, गिलाव्यावर, चांगल्या बसवलेल्या जिप्सम बोर्डवरही धरते. जमिनीवरून भिंतीवर, भिंतीवरून बाथरूमच्या कोनाड्यात सलग नेता येते. कोब्याला हे जमत नाही. माझ्या मते मायक्रोसिमेंटचे खरे सामर्थ्य जमिनीपेक्षा या सलगपणात आहे.

त्याचा पातळपणा हाच त्याचा कच्चा दुवाही आहे. कोबा स्वतःच्या अंगबळावर उभा असतो, मायक्रोसिमेंट मात्र खाली जे असेल त्याच्या भरवशावर राहते. जुन्या टाइलचे सांधे आधी नीट भरले नाहीत, तर काही महिन्यांनी त्या सांध्यांच्या रेघा वर अंधूक उमटतात. टाइल खालून पोकळ झाली असेल, तर पावलागणिक ती सूक्ष्म हलते आणि वरचा थर तिथेच तडकतो. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक टाइल नाण्याने ठोकून पाहावी आणि डबडब आवाज येणाऱ्या टाइल काढून ती जागा भरून घ्यावी. दुसरी परीक्षा ओलीची. तळमजल्यावर, विशेषतः कोकण आणि मुंबईकडच्या पावसाळ्यात, जमिनीतून वर येणारी ओल सीलरखाली अडकली की फोड येतात किंवा पांढरट डाग पडतात. दोन फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून जमिनीवर दिवसभर ठेवावा. काढल्यावर आतल्या बाजूला बाष्प दिसले किंवा जमीन काळवंडली असेल, तर आधी ओलीचा बंदोबस्त आणि मग मायक्रोसिमेंट.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी वजनाचा हिशेब अवश्य करावा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत 40 मिलिमीटर जाडीचा कोबा घातला, तर काँक्रीटच्या सर्वसाधारण घनतेने तो सुमारे एक टन भरतो. त्याच खोलीतले तीन मिलिमीटरचे मायक्रोसिमेंट साठ-सत्तर किलोच्या आसपास राहते. जुनी फरशी आणि तिच्याखालचा माल काढून कोबा केला, तर वजन फारसे वाढत नाही, पण तोडफोड, राडारोडा खाली नेण्याचा खर्च आणि सोसायटीची परवानगी हे ओघाने आलेच. फरशी तशीच ठेवून वर कोबा ओतण्याचा सल्ला कुणी दिला, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय तो मानू नये. शिवाय जमीन चार सेंटिमीटर वर आली, की दारे खालून कापावी लागतात आणि बाथरूमचा उंबरठा खोलीच्या जमिनीपेक्षा खाली जाण्याची वेळ येते. मायक्रोसिमेंटला दारे कापावी लागत नाहीत, राहत्या घराला हा मोठा दिलासा असतो.

दराच्या बाबतीत चौरस फुटामागे मायक्रोसिमेंट कोब्याच्या कित्येक पट महाग पडते, कारण माल महाग आणि कुशल हात कमी.

स्वयंपाकघरात दोघांचीही परीक्षा होते. सिमेंटला आम्ल सोसत नाही; लिंबू, चिंचेचा कोळ, आगळ किंवा व्हिनेगर सांडून तसेच राहिले, की पृष्ठभाग खाल्ला जातो आणि मंद पांढरट ठसा उरतो. हळद आणि तेल यांचे डाग तर उघड्या सिमेंटमध्ये मुरतातच. जुन्या घरांतल्या कोब्यावर असे डाग वर्षानुवर्षे मुरत गेले आणि सतत पुसण्याने, वापराने त्यावर तकाकीही चढली. नव्या कोब्यावर मेणाचे पॉलिश किंवा आत मुरणारा सीलर देतात. मायक्रोसिमेंटचा सगळा भार मात्र वरच्या पॉलियुरेथेन सीलरवर असतो. पाणी अडवण्याचे काम तो सीलर करतो, त्यामुळे ‘मायक्रोसिमेंट वॉटरप्रूफ असते’ हे वाक्य अर्धेच खरे आहे: बाथरूमचे मूळ वॉटरप्रूफिंग गळत असेल, तर वर कितीही सुंदर थर दिला तरी खालच्या मजल्याचे छत ओलेच राहणार. फरशी धुण्याचे ॲसिड दोन्हींवर वर्ज्य समजावे. सीलर झिजतो आणि काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, हा खर्च कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही.

दुरुस्ती दोन्हीकडे अवघड आहे. कोब्याचा टवका उडाला, तर ती चौकट फोडून नव्याने भरता येते, पण रंग जुळत नाही आणि ठिगळ ठिगळच दिसते. मायक्रोसिमेंटमध्ये खोल ओरखडा पडला, तर तेवढीच जागा बुजवून भागत नाही. पोत सलग दिसायचा असेल, तर भिंतीपासून भिंतीपर्यंत वरचा हात पुन्हा द्यावा लागतो. घरात जड पलंग सरकवण्याची, वरवंटा हातातून निसटण्याची शक्यता असेल, तिथे मी कोब्याकडे झुकेन.

या दोघांत भर म्हणून तिसरे एक नाव कानावर येते, ते मायक्रोकाँक्रीट. जुन्या इमारतींचे खराब झालेले खांब आणि तुळया दुरुस्त करताना साच्यात ओततात तो हा माल. सजावटीशी त्याचा काही संबंध नाही. दुकानदाराने मायक्रोसिमेंट म्हणून याचीच पोती पाठवली, तर ती परत करावीत.

नवे बांधकाम चालू असेल, प्लॉटवरचे घर असेल, जमिनीचा थर अजून पडायचा असेल, तर कोबा विचारात घ्यावा. महिनाभर पाणी, धूळ आणि वाट पाहणे तिथे तसेही चालूच असते. राहत्या फ्लॅटमध्ये, घट्ट बसलेल्या टाइलवर, दोन बाथरूम आणि एक भिंत बदलायची असेल, तर मायक्रोसिमेंटचा जास्त दर वसूल होतो. कोटेशनवर मात्र जाडी किती, खाली काय असेल, वर कोणता सीलर आणि किती हात, हे चारही मुद्दे लिहून घ्यावेत. मायक्रोसिमेंटचा नमुना दोन फुटांच्या प्लायवर, प्रत्यक्ष वापरणार त्याच सीलरसह करून मागावा, त्यावर हळद घातलेले तेल आणि लिंबाची फोड रात्रभर ठेवावी आणि सकाळी पुसून पाहावे. कोब्याचा असा नमुना फारसा उपयोगाचा नाही, कारण त्याच्या भेगा मोठ्या थरात आणि काही महिन्यांनी दिसतात. तिथे त्या गवंड्याने निदान दोन उन्हाळ्यांपूर्वी केलेली एखादी जमीन स्वतः जाऊन, चपला काढून पाहावी.