निर्दोष सुटलात, पण सरकार अपिलात गेले तर?
एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी कायदा) खटल्यांतील पक्षकारांसाठी माहितीपत्रक

विशेष न्यायालयाने निर्दोष सोडले की बरेच पक्षकार निकालाची नक्कलसुद्धा घेत नाहीत. घ्या, आणि जपून ठेवा. या निकालाविरुद्ध सरकारला उच्च न्यायालयात अपील करता येते. पोलिसांच्या केसमध्ये सहसा राज्य सरकार अपील करते, तर एनसीबी (अमली पदार्थ नियंत्रण ब्यूरो) किंवा डीआरआय (महसूल गुप्तचर संचालनालय) यांच्या केसमध्ये केंद्र सरकार. मुदत 90 दिवसांची असली तरी नक्कल मिळवायला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत आणि विलंब माफीचा अर्जही करता येतो. त्यामुळे तीन महिने उलटले म्हणजे प्रकरण मिटले, असे समजू नका.

अपील चालवण्यासाठी सरकारला आधी न्यायालयाची परवानगी, म्हणजे 'लीव्ह', लागते. ती नाकारली गेली तर उच्च न्यायालयातले अपील तिथेच संपते. मिळाली, तर तुमच्या नावे वॉरंट निघू शकते. अशा वेळी घर सोडून जाऊ नका. वकिलामार्फत हजर व्हा, जामीन मागा.

निर्दोष सुटकेचा निकाल सहजासहजी फिरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्याने तपासू शकते. पण त्या पुराव्यातून दोन निष्कर्ष निघू शकत असतील, तर खालच्या कोर्टाने काढलेला निष्कर्ष बदलू नये.

तुम्ही कोणत्या मुद्द्यावर सुटलात, हे मात्र बघावेच लागते. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडतीचा हक्क सांगितला नाही, म्हणून अनेक आरोपी सुटतात. हा एनडीपीएस कायद्याच्या कलम 50 चा मुद्दा. गांजा खिशात सापडला असेल तर तो भक्कम आहे. बॅगेत सापडला असेल तर कलम 50 लागूच होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच ठरवले आहे, आणि सरकारी वकील नेमके तिथेच बोट ठेवतात. केवळ पंच फितूर झाला, एवढ्यावर विसंबणेही धोक्याचे. याउलट सीलचा ठसा जुळत नाही, मालखाना (जप्त माल ठेवायची जागा) रजिस्टरमध्ये नोंद नाही, नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुणाच्या ताब्यात होता याचा पत्ता लागत नाही, असे दोष सरकारला भरून काढणे फार कठीण जाते. निकालातली ही पाने आम्ही वकील सर्वांत आधी वाचतो.

उच्च न्यायालयाने निकाल फिरवून दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा दिली, तर सर्वोच्च न्यायालयात अपील करणे हा तुमचा हक्क आहे.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांसाठी 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आहे. फी परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडे मोफत वकील मागा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट नाही.

खटला संपताना वरच्या कोर्टात हजर राहण्यासाठी तुमच्याकडून सहा महिन्यांचा जातमुचलका घेतलेला असतो. त्या काळात घर बदलले तर नवा पत्ता कोर्टाला लेखी कळवा आणि त्याची पोच घेऊन ठेवा. सहा महिन्यांनंतरही पत्ता किंवा मोबाईल नंबर बदलला, तर निदान वकिलाला कळवा.