मधली जागा: डिस्ट्रिब्यूटच्या बटणामागचा इतिहास

गणेश चवथीच्या आदल्या रात्री माटोळी, म्हणजे गणपतीसमोर वर टांगायची फळांची चौकट, बांधताना आमचे काका कधी पट्टी हातात घेत नाहीत. आधी दोन टोकांना नारळांचे जोड, मग मध्ये केळीचा घोस, चिबूड, सुपारीचे शिपटे, तोरिंजन. एक फळ वीतभर रुंद, दुसरे मुठीएवढे, तरी त्यांच्यामधली मोकळी जागा सारखी दिसते. काका फळांचे मध्य मोजत नाहीत, ते मधली जागा बघतात. व्हेक्टर, म्हणजे रेघा आणि आकारांनी चित्र काढायच्या, सॉफ्टवेअरमध्ये वस्तू सारख्या अंतरावर लावायची ‘डिस्ट्रिब्यूट’ ही सोय ज्या प्रश्नावर उभी आहे, तो हाच: सारखे काय ठेवायचे, मध्य की मधली जागा?

छापखान्यात हा प्रश्न हाताने सुटत असे. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला आणि १६१६ साली गोव्यातल्याच रायतूरला इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. खिळे जुळवण्याच्या त्या कामात मोकळी जागासुद्धा धातूचीच असे. शब्दांच्या मध्ये स्पेस, ओळींच्या मध्ये शिशाची पट्टी, म्हणजे लेड. जागा चिमटीत धरता येत असे, म्हणून ती मोजूनमापून सारखी ठेवता येई.

संगणकावर आल्यावर ती हातातून सुटली. खरे तर सुरुवात फार चांगली झाली होती. १९६३ साली इव्हान सदरलँड यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत टीएक्स-२ संगणकावर ‘स्केचपॅड’ हे चित्र काढायचे सॉफ्टवेअर केले. त्यात लाइट पेनने, म्हणजे पडद्यावर टेकवायच्या पेनने, रेघा काढून ‘या दोन समांतर ठेव’, ‘यांची लांबी सारखी ठेव’ असे सांगता येई, आणि पुढे चित्र हलवले तरी तो संबंध टिकत असे. मला आजही याचे अप्रूप वाटते.

नंतर आलेल्या व्हेक्टर सॉफ्टवेअरने ही वाट फारशी घेतली नाही. इलस्ट्रेटर १९८७ चे, कोरलड्रॉ १९८९ चे. इंकस्केप २००३ साली सोडिपोडीतून फुटून निघाले, आणि सोडिपोडीचे मूळ ‘गिल’ नावाच्या प्रकल्पात. इंकस्केपची फाइल असते एसव्हीजी, म्हणजे व्हेक्टर चित्र साठवायची एक पद्धत, जी २००१ साली प्रमाण म्हणून मान्य झाली. त्या फाइलमध्ये प्रत्येक वस्तू कुठे आहे ते लिहिलेले असते, दोन वस्तूंमधली जागा मात्र कुठेच लिहिलेली नसते. ती फक्त उरते. म्हणून डिस्ट्रिब्यूट केल्यावर सॉफ्टवेअर एकदा हिशेब करून वस्तू सरकवते आणि विसरून जाते. एक वस्तू वाढवली की सगळ्या पुन्हा निवडायच्या. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरने २०१९ साली ‘ऑटो लेआउट’ आणले, त्यात अंतर स्वतः एक आकडा म्हणून टिकते.

हिशेब साधा आहे. १५० मिमी रुंदीत पाच नक्ष्या: २०, १२, ३०, १२, २०. बेरीज ९४, उरले ५६, मधल्या जागा चार, म्हणून प्रत्येकी १४ मिमी. याच नक्ष्या मध्यबिंदूंनी वाटल्या तर जागा होतात १६.५, ११.५, ११.५, १६.५, आणि मधली मोठी नक्षी कोंडल्यासारखी दिसते. इलस्ट्रेटर आणि इंकस्केप, दोन्हींत या दोन गोष्टींसाठी वेगवेगळी बटणे आहेत. घाईत नेमके चुकीचे दाबले जाते.

देवनागरीत अडचण आणखी एक. जत्रेच्या पत्रिकेतल्या एकाखाली एक ओळींत ‘दुर्गा’ शब्दाची एक आणि ‘जागर’ शब्दाची एक ओळ घ्या, सगळ्या पाथमध्ये, म्हणजे अक्षरांऐवजी नुसत्या आकारांमध्ये, बदललेल्या. दुर्गाला वर रफार, खाली उकार. जागरला दोन्ही नाहीत. सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीभोवती चौकट कल्पून चौकटींमधली जागा सारखी करते, आणि शिरोरेषांमधली अंतरे कमीजास्त होतात. वाचणाऱ्याचा डोळा तर शिरोरेषेवरूनच अंतर धरतो. इथे मधली जागा सारखी करणे हीच चूक ठरते. इंकस्केपमध्ये मजकुराच्या बेसलाइन, म्हणजे अक्षरे ज्यावर बसवलेली असतात त्या अदृश्य रेषा, सारख्या अंतरावर लावायचे वेगळे बटण आहे, ते इथे कामाला येते. अक्षरे एकाच आकाराची असली की बेसलाइनबरोबर शिरोरेषाही सारख्या बसतात. मात्र हे पाथ करण्याआधी, मजकूर मजकूर असतानाच करावे लागते. एकदा पाथ झाला की बेसलाइन उरत नाही.