‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणण्याआधी रक्त तपासा

परळच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात भेटीच्या वेळेत वॉर्डातून एक चक्कर मारली, तर एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘‘टेन्शन अजिबात घ्यायचं नाही, पॉझिटिव्ह राहायचं!’’ बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण या वाक्याच्या पोटात दोन समजुती दडलेल्या आहेत. मन खंबीर ठेवलं की आजार हटतो, ही एक. पेशंट खचलाय तो त्याच्या विचारांमुळे, ही दुसरी.

पहिलीचा निकाल चटकन लागतो. १९८९ साली अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांनी शरीरात पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ८६ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर आठवड्याला गटात बसून मन मोकळं करणाऱ्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९ महिने. जगभर गाजावाजा झाला. पुढे २००१ साली कॅनडात जास्त स्त्रियांवर तसाच प्रयोग झाला, त्यात आयुष्य वाढलं नाही. उदासी आणि वेदना मात्र कमी झाल्या. २००७ मध्ये खुद्द स्पीगेल यांनाही सगळ्या गटाचा विचार करता पहिला निकाल पुन्हा मिळाला नाही. म्हणजे मानसिक आधाराने गाठ विरघळत नाही, दुखणं सोसवतं. तेवढ्यासाठीही तो द्यायलाच हवा. पण ‘मनात राग दाबून ठेवला म्हणून कॅन्सर झाला’ असं व्हॉट्सॲपवर फिरवणारे लोक करणी-भानामतीचंच नवं रूप विकत असतात. फरक इतकाच की इथे करणी करणारा पेशंट स्वतःच ठरतो.

दुसरी समजूत जास्त खोलात जाऊन बघण्यासारखी आहे.

साधा फ्लू झाला तरी जेवण नको होतं, माणसं नको होतात, आवडती मालिकाही नको वाटते. आपण त्याला अशक्तपणा म्हणतो. १९८८ मध्ये बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकानं वेगळा मुद्दा मांडला : आजारी जनावर कोपऱ्यात पडून राहतं, हा बिघाड नसून शरीरानं आखलेला कार्यक्रम आहे. शरीराचं तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढवायला दहा ते तेरा टक्के जादा ऊर्जा लागते. ती वाचवायची तर हिंडणं-फिरणं बंद करणं भाग आहे. या वागण्याला शास्त्रज्ञ ‘आजारवर्तन’ म्हणतात.

हा हुकूम मेंदूपर्यंत पोचतो कसा? जंतू किंवा इजा दिसली की पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची छोटी प्रथिनं सोडतात. त्यांतली महत्त्वाची तीन : इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ. ही प्रथिनं मेंदूत सहज शिरत नाहीत, पण निरोप पोचायला वाटा आहेत. पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस नस हा निरोप विजेच्या स्पंदांच्या रूपात नेते. उंदरांमध्ये ही नस कापली, तर पोटात जंतूंचा अंश टोचूनही ते पूर्वीइतके मलूल होत नाहीत. शिवाय मेंदूतल्या काही जागी रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत पातळ असते. निरोप पोचला की मेंदूतल्या मायक्रोग्लिया या राखणदार पेशी जाग्या होतात आणि आतही तीच रसायनं बनवू लागतात.

आता खरी गंमत. डाळीतून, दुधातून येणारं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल कल्याण जंक्शनला आलेल्या गाडीसारखं आहे : एक मार्ग सेरोटोनिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाकडे जातो, दुसरा कायन्युरेनिनकडे. एरवीही फार थोड्या गाड्या पहिल्या मार्गाला लागतात. दाह, म्हणजे सायटोकाइनची ही धावपळ, सुरू झाला की आयडीओ नावाचं विकर (एन्झाइम) सांधा बदलतं आणि आणखी गाड्या दुसऱ्या मार्गावर वळतात. कायन्युरेनिन मेंदूत शिरतं. तिथे मायक्रोग्लिया त्याचं क्विनोलिनिक आम्ल बनवतात आणि ते चेतापेशींवरच्या एनएमडीए या ग्राहींना (रिसेप्टर्सना) डिवचत राहतं. त्याच वेळी डोपामिन हे दुसरं निरोप्या रसायन तयार करायला लागणारं टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हे सहविकर (विकराचा मदतनीस) कमी पडू लागतं. डोपामिन घटलं की आनंदाच्याही आधी ‘उठून काही करावं’ ही उमेद जाते. ‘सेरोटोनिन कमी म्हणजे डिप्रेशन’ हे एका ओळीचं सूत्र म्हणूनच अपुरं आहे. डिप्रेशनच्या प्रत्येक पेशंटच्या रक्तात दाह सापडतोच असंही नाही.

याचा सर्वांत सबळ पुरावा नकळत मिळाला. हिपॅटायटिस-सीसाठी पूर्वी इंटरफेरॉन-आल्फाची इंजेक्शनं महिनोन्‌महिने देत. तेही सायटोकाइनच. घेणाऱ्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला उपचार चालू असताना डिप्रेशन आलं. पहिल्या दोन आठवड्यांत थकवा आणि भूक मंदावणं, खिन्नता त्यानंतर. कर्करोगासाठी तेच इंजेक्शन घेणाऱ्यांना आधीपासून पॅरॉक्सेटिन हे डिप्रेशनवरचं औषध दिलं तेव्हा खिन्नता बरीच टळली, थकवा मात्र फारसा हटला नाही. संधिवात, क्षय, डायलिसिसपर्यंत गेलेला मूत्रपिंडाचा विकार, आतड्याचा क्रोहन यांसारख्या आजारांत दाह महिने-वर्षं धुमसत राहतो. फ्लूसाठी चार दिवसांचा आखलेला कार्यक्रम तिथे संपतच नाही. अशा माणसाला ‘मन रमव’ सांगून त्याच्या डोपामिनमध्ये तसूभरही फरक पडत नाही.

म्हणून आधाराची सुरुवात वजाबाकीनं करावी, म्हणजे शरीरातली आणि औषधांतली कारणं एकेक करून वगळावीत. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आधी बघून घ्यायचं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्या मधुमेहींत बी-१२ घसरतं आणि मग थकवा, विसराळूपणा, चिडचिड या तक्रारी मनाच्या खात्यावर पडतात. नंतर औषधांची यादी. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा डोस दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर गेला की मूड बिघडण्याचा धोका ठळक वाढतो : कुणी रडतं, कुणी रात्रभर जागून भांडी घासतं. मुंबईत औषधांना न जुमानणारा क्षय बराच आहे. त्यावरच्या सायक्लोसेरिन या औषधानं नैराश्य, भास, क्वचित आत्महत्येचे विचारही येतात. त्यासोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, देतात. ‘व्हिटॅमिनची गोळी काय, राहिली तर राहिली’ म्हणून घरचे नेमकी तीच चुकवतात. एथिओनामाइड या क्षयाच्याच दुसऱ्या औषधानं थायरॉइड मंदावतं, तेही उदासीचं रूप घेतं.

यानंतर प्रश्नावली. डिप्रेशन मोजणारी पीएचक्यू-९ मराठीतही आहे : गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त गुण झाले की डॉक्टर लक्ष घालतात. गोची अशी की झोप, थकवा, भूक, एकाग्रता, मंदावलेल्या हालचाली हे पाच प्रश्न शरीराचे आहेत. केमोथेरपीच्या आठवड्यात खिन्न नसलेला माणूसही तिथे सहज दहा गुण मिळवतो. म्हणून बेरजेआधी पहिले दोन प्रश्न बघा : गोष्टींतला रस गेलाय का, आणि निराश वाटतं का. दोन्हींवर शून्य असेल, तर गुण बहुधा आजाराचे आहेत. १९८३ साली आलेली ‘हॅड्स’ ही १४ प्रश्नांची मोजपट्टी मुद्दाम शारीरिक लक्षणं वगळून बनवली आहे. रुग्णालयात ती जास्त कामाची.

मधुमेहींत आणखी एक प्रकार आढळतो, ‘डायबिटीस डिस्ट्रेस’. बोट टोचा, मोजा, लग्नात जिलबी नाकारा, तरी रिपोर्ट वाईटच, याचा आलेला वीट. हे डिप्रेशन नव्हे, त्याला गोळी लागत नाही. नियमांचं ओझं डॉक्टरांसोबत बसून कमी करावं लागतं.

वजाबाकीनंतर जे उरतं त्यावर बोलण्याचे उपचार चालतात, आणि ते गप्पांपेक्षा बरेच शिस्तीचे असतात. एक आठवडा दर दोन तासांनी काय केलं आणि थकवा दहापैकी किती, एवढंच वहीत लिहायचं. त्यात एक नमुना दिसतो : बरं वाटलं त्या दिवशी चार डबे फराळ, पुढचे तीन दिवस अंथरुणात. मग रोजच्या सरासरीपेक्षा एक पंचमांश कमी काम ठरवायचं आणि चांगल्या दिवशीही तेवढंच करायचं. हे ‘चांगल्या दिवशीही’ लोकांना जमत नाही, आणि घडी नेमकी तिथेच विस्कटते. दोन आठवडे घडी बसली की दर आठवड्याला दहा टक्के वाढ. (एमई नावाच्या थकव्याच्या आजारात अशी ठरवून वाढ करायची नसते.) डोंबिवलीहून परळला तपासणीला येणं हे त्या दिवसाचं संपूर्ण काम आहे असंच वहीत मांडावं. कर्करोगाच्या रुग्णाला लोकलच्या दिव्यांग डब्यातून प्रवास करता येतो. गर्दीत उभं राहण्याची ऊर्जा तेवढीच वाचते.

रोज एक छोटं, आधीपासून ठरवलेलं काम हे या पद्धतीचं दुसरं अंग. गोव्यात ४९५ डिप्रेशनग्रस्तांवर झालेल्या चाचणीत हे उपचार डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत दिले आणि ते उपयोगी ठरले. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत ही सबब म्हणूनच पुरती पटत नाही.

डिप्रेशनवरच्या गोळ्या लागल्याच तर ‘शेजारच्या काकूंना लागू पडली’ म्हणून घेऊ नका. स्तनकर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू असताना पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन या गोळ्या टाळतात, कारण टॅमॉक्सिफेनचं काम करणारं रूप तयार करणारं यकृतातलं विकर त्या अडवतात. क्षयासाठी लिनेझोलिड चालू असेल तर अशा बहुतेक गोळ्यांनी सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं : घाम, थरथर, गोंधळ, ताप. म्हणून केसपेपर आणि औषधांच्या सगळ्या पट्ट्या मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन जा.

पीएचक्यू-९चा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं, तर बाकीची बेरीज बघत बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि घरातल्या गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा. रात्री-अपरात्री सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत लागतो, मराठीत बोलता येतं.