९८ टक्के मोजलं, पण उरलेलं कुठलं?

स्फटिकावर क्ष-किरण सोडून काढलेल्या प्रथिनाच्या रचनेवरचा कुठलाही शोधनिबंध उघडा. पहिल्याच तक्त्यात कम्प्लीटनेसची, म्हणजे डेटाच्या पूर्णतेची ओळ असते आणि तिच्यासमोर दोन आकडे, समजा ९८ (९१). कंसाबाहेरचा आकडा सगळ्या डेटाचा, कंसातला सर्वांत बारीक तपशील देणाऱ्या बाहेरच्या थराचा. स्फटिकाकडून जितकी वेगवेगळी परावर्तनं, म्हणजे क्ष-किरणांचे ठिपके, मिळू शकत होती, त्यांतली किती खरोखर मोजली गेली, एवढंच हा आकडा सांगतो. तो नव्वदीच्या वर गेला की वाचणारा पुढे सरकतो. मला मात्र तो मतमोजणीच्या बातमीसारखा वाटतो. ९८ टक्के मतं मोजून झाली म्हणतात, पण उरलेली २ टक्के जिल्हाभर विखुरलेली आहेत की एकाच गावाच्या सगळ्या पेट्या राहिल्या आहेत?

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. १९१२ साली म्युनिकमध्ये लाऊए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी मोरचुदाच्या स्फटिकातून क्ष-किरण सोडले. काचेवर ठिपके उमटले हीच मोठी गोष्ट होती. पुढच्याच वर्षी ब्रॅग पितापुत्रांनी मिठाची रचना मोजक्या परावर्तनांवरून सांगितली. अज्ञात गोष्टीच इतक्या कमी होत्या, की अधिक ठिपक्यांची गरज नव्हती.

पण पूर्णता मोजायची तर छेद हवा, म्हणजे एकूण शक्य परावर्तनं किती ते कळायला हवं. तो हिशेब दोन गोष्टींमुळे जमला. इवाल्ड यांच्या गोलाच्या, म्हणजे परावर्तनाचा बिंदू ज्याला शिवला की ते दिसतं अशा काल्पनिक गोलाच्या, भूमितीवरून कुठलं परावर्तन केव्हा दिसेल हे कळू लागलं. आणि १९१३ साली फ्रीडेल यांनी दाखवलं, की परस्परविरुद्ध दिशांच्या परावर्तनांची तीव्रता सारखी असते. म्हणजे निम्मी मोजली तरी पुरे. १९५१ मध्ये उत्रेख्तच्या बायफूट यांनी टार्टारिक आम्लाच्या एका क्षारावर या नियमाचा अपवाद वापरला. जोडीतल्या सूक्ष्म फरकावरून त्यांनी रेणू डावा की उजवा हे ठरवलं. जोडी वेगवेगळी मोजणाऱ्यांना तेव्हापासून पूर्णतेचे दोन हिशेब ठेवावे लागतात.

दरम्यान वेगळीच गळती चालू होती. फिल्मवरचे ठिपके डोळ्यांनी, तीव्रतेच्या पट्टीशी ताडून मोजत. जो ठिपका दिसेना, त्यापुढे 'आढळला नाही' असं लिहून तो हिशेबातून वगळत. पुढे मोजणी यंत्रांनी होऊ लागली तरी सवय गेली नाही: मोजणीतल्या त्रुटीच्या दुप्पट-तिप्पटही नसलेली तीव्रता बाद. १९७३ मध्ये हिर्शफेल्ड आणि राबिनोविच यांनी बजावलं, की दुबळी परावर्तनं गाळली तर उत्तर एका बाजूला झुकतं. इथे काहीच नाही, हीसुद्धा माहितीच असते! ती सरसकट वापरण्याची पद्धत रुळली ती शेल्ड्रिक यांच्या शेलएक्सएल-९३ या प्रोग्रॅममुळे.

प्रथिनांनी सगळ्याचीच पट्टी बदलली. केंब्रिजला केंड्रू यांनी १९५८ मध्ये मायोग्लोबिन या प्रथिनाचा ६ अँगस्ट्रॉमचा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) नकाशा काढला, त्याला सुमारे ४०० परावर्तनं लागली. १९६० च्या २ अँगस्ट्रॉमच्या नकाशाला जवळपास १०,००० लागली. रिझोल्यूशन, म्हणजे दिसणारा तपशील, तिप्पट सुधारलं की परावर्तनं तीनाचा घन, म्हणजे सत्तावीस पट होतात. ४०० ला २७ ने गुणून पाहा. शिवाय रचना उलगडण्यासाठी जड अणू बसवलेल्या प्रत्येक स्फटिकासाठी तेच काम पुन्हा. एवढ्या ढिगाऱ्यात काय राहून गेलं हे नुसत्या नजरेने कळणं शक्यच नव्हतं, म्हणून टक्केवारी आली.

आता स्फटिक एका अक्षाभोवती फिरवत शेकडो प्रतिमा घेतात. किती अंश फिरवायचं हे सममितीवर ठरतं. सममिती जवळजवळ नसलेल्या त्रिनत स्फटिकाला १८० अंश लागतात, तीन काटकोनी अक्षांच्या स्फटिकाला ९० पुरतात. पण सुरुवात कुठून केली यावर बरंच अवलंबून असतं. स्फटिकाच्या अक्षापासून मोजून ० ते ९० घेतलं तर काम झालं. ४५ ते १३५ घेतलं तर फिरवलं ९० अंशच, पण ९० ते १३५ हा पट्टा ४५ ते ९० चीच सममित नक्कल असतो. तोच भाग दोनदा मोजला जातो, आणि ० ते ४५ कोराच राहतो. रात्रभराची पाळी अशी वाया घालवलेले लोक मी पाहिले आहेत. त्यातून फिरण्याच्या अक्षालगतचा एक शंकू इवाल्ड गोलाला शिवतच नाही. स्फटिक किंचित कलता बसवला, की तो सहसा सममितीने भरून निघतो.

छोट्या रेणूंच्या जगात नियम काटेकोर झाले. १९९१ मध्ये सीआयएफ हा सामाईक फाइल-नमुना आला. त्यावर चालणारी चेकसीआयएफ ही तपासणी मॉलिब्डेनमच्या किरणांसाठी २५.२४ अंश, तांब्याच्या किरणांसाठी ६७.६८ अंश थीटापर्यंत (थीटा म्हणजे परावर्तनाचा कोन) डेटा जवळपास पूर्ण आहे का ते पाहते. दोन्हींचा अर्थ एकच: सुमारे ०.८३ अँगस्ट्रॉम. हिऱ्यांच्या ऐरणीत स्फटिक दाबून प्रयोग करणाऱ्यांना हा नियम पाळणं अवघड, कारण पोलादी चौकट बरीचशी दिशा अडवते. तिथे कमी आकडा समजून घ्यावा लागतो.

प्रथिनांत मात्र खरी गोम आतल्या थरात असते. सर्वांत ठळक ठिपके लहान कोनांत येतात. काही बीमस्टॉपच्या, म्हणजे सरळ येणारा झोत अडवणाऱ्या तुकड्याच्या, सावलीत जातात, तर काहींनी जुने डिटेक्टर तुडुंब भरून जात आणि ते ठिपके बाद होत. संख्येने ते नगण्य, त्यामुळे टक्केवारी ढळत नाही. पण रेणूचा ढोबळ आकार त्यांच्यावरच उभा असतो. म्हणून जाणती माणसं क्ष-किरणांच्या कमी मात्रेची, झटपट अशी एक दुसरी फेरी घेतात.

२०१२ मध्ये कार्प्लस आणि डीडरिक्स यांनी डेटाचे दोन भाग करून ते एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारं सीसी-अर्ध हे माप पुढे आणलं आणि बाहेरच्या दुबळ्या थरातही उपयोगी माहिती असते हे दाखवलं. त्यानंतर कंसातला आकडा थोडा घसरला तरी लोक कुरकुरत नाहीत. काही स्फटिक एका दिशेने २ अँगस्ट्रॉमपर्यंत चमकतात, दुसऱ्या दिशेने ३ लाच थांबतात. अशांचा डेटा लंबगोलात कापला, की गोलाच्या हिशेबाने पूर्णता पडलेली दिसते आणि लंबगोलाच्या हिशेबाने उत्तम, म्हणून दोन्ही आकडे छापावे लागतात. नकाशा काढणारे प्रोग्रॅम तर न मोजलेल्या परावर्तनांच्या जागी मॉडेलवरून काढलेल्या किमती घालू शकतात. नकाशा गुळगुळीत दिसतो, आणि भोक मॉडेलनेच बुजवलेलं असल्यामुळे ते मॉडेलशी छान जुळतं.