सिरोसिस झालाय, मग आता हेपॅटायटिस सीचं औषध घेऊन काय उपयोग?

"लिव्हर तर गेलंच आहे, आता व्हायरस मारून काय करायचं?" हेपॅटायटिस सीच्या व्हायरसमुळे सिरोसिस, म्हणजे लिव्हरवर व्रण साचून ते कडक होणं, झालेल्या पेशंटच्या घरात हे वाक्य फार वेळा ऐकू येतं. पेशंट म्हणतात, त्यांची मुलं म्हणतात, आणि कधीकधी जुने फॅमिली डॉक्टरसुद्धा हाच सल्ला देऊन मोकळे होतात. जोडीला दुसरा समज असतोच, की सिरोसिस म्हणजे दारू, मग आयुष्यात थेंब न घेतलेल्या मावशींच्या रिपोर्टवर हा शब्द आला की घरात कुजबुज सुरू. खरं तर भारतात रक्तपेढ्यांमध्ये हेपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची झाली २००१ साली. त्याआधी कुणाला बाळंतपणात रक्त चढवलं असेल, किंवा एकच सुई दहा जणांना टोचणाऱ्या दवाखान्यात इंजेक्शन घेतलं असेल, तर व्हायरस तेव्हाच अंगात शिरलेला असू शकतो आणि वीस-पंचवीस वर्षं एक लक्षणही दिसत नाही.

आता तो "काय उपयोग" वाला सल्ला अगदीच हवेतून आलेला नाही हं. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत औषध म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रायबाविरिनच्या गोळ्या, सहा महिने ते वर्षभर. ताप, अंगदुखी, डिप्रेशन, प्लेटलेट्स धडाधड खाली. सिरोसिसमध्ये प्लेटलेट्स आधीच कमी, त्यात पोटात पाणी झालेल्या माणसाला इंटरफेरॉन दिलं तर इन्फेक्शन होऊन तो दगावायचीच भीती जास्त, म्हणून डॉक्टर नको म्हणायचे आणि तेव्हा ते बरोबरच होतं. पण औषधं बदलली तरी सल्ला तसाच राहिला.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या व्हायरसविरोधी गोळीला मंजुरी मिळाली आणि सगळं चित्रच पालटलं. किंमत मात्र एका गोळीला १,००० डॉलर, बारा आठवड्यांचे ८४,०००! मग २०१४ मध्ये मूळ कंपनीने भारतीय कंपन्यांना जेनेरिक बनवायचे परवाने दिले, २०१५ पासून ती गोळी आपल्याकडे काही हजारांत मिळायला लागली, आणि २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारने राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला त्यात ही औषधं ठरलेल्या सरकारी केंद्रांवर फुकट आहेत. फुकट! हे अजून कितीतरी लोकांना माहीत नाही.

या गोळ्यांनी व्हायरस कायमचा जातो कारण हेपॅटायटिस सीचा सगळा कारभार आरएनएवर चालतो. हेपॅटायटिस बी आपल्या पेशीच्या केंद्रकात डीएनए ठेवून बसतो, एचआयव्ही तर आपल्या डीएनएतच घुसतो, सीला असं लपायला ठिकाणच नाही. त्याची कॉपी काढणारं एन्झाइम बंद पाडलं की काही आठवड्यांत खेळ खलास. सिरोसिस नसेल तर ९५ टक्क्यांच्या वर लोक बरे होतात, सुरुवातीच्या सिरोसिसमध्येही जवळपास तेवढेच.

पण मूळ प्रश्न तसाच आहे. व्हायरस गेला, ठीक, पण लिव्हरवरचे व्रण? ते जातात का? इथे मला ज्याच्याबद्दल लिहायचं होतं तो हिरो येतो, स्टेलेट सेल. (हा भाग थोडा जड आहे, चहा घेऊन बसा.)

लिव्हरला मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त मिळतं आणि त्यातलं तीन चतुर्थांश आतड्यांकडून पोर्टल व्हेनमधून येतं. हे रक्त लिव्हरच्या पेशींच्या ओळींमधून अगदी बारीक वाहिन्यांतून झिरपत जातं, त्यांना सायनुसॉइड म्हणतात. यांच्या भिंतीला चक्क भोकं असतात, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी, म्हणजे रक्तातला द्रव थेट लिव्हरच्या पेशीपर्यंत पोचतो. भिंत आणि पेशी यांच्यामध्ये एक चिंचोळी फट असते आणि त्या फटीत स्टेलेट सेल्स गपचूप बसलेल्या असतात, पोटात तेलाच्या थेंबांसारखं व्हिटॅमिन ए साठवून. शरीरातल्या व्हिटॅमिन ए चा बहुतेक साठा यांच्याकडेच.

हेपॅटायटिस सी स्वतः पेशी फारशा मारत नाही, मारते आपलीच इम्यून सिस्टिम, व्हायरस असलेल्या पेशी शोधून शोधून. वर्षानुवर्षं ही मारामारी चालू राहिली की आजूबाजूच्या पेशी टीजीएफ-बीटा नावाचा सिग्नल सोडतात आणि स्टेलेट सेलचा स्वभावच बदलतो. ती व्हिटॅमिन ए टाकून देते, स्नायूच्या पेशीसारखी आकुंचन पावायला लागते, आणि त्या चिंचोळ्या फटीत कोलॅजेनचे धागे ओतत सुटते. भिंतीची भोकं बुजतात. लिव्हरची पेशी जिवंत आहे पण तिच्यापर्यंत रक्तातलं काही पोचत नाही, अशी अवस्था. आणि रक्ताला वाट अरुंद झाली की मागे पोर्टल व्हेनमध्ये प्रेशर वाढतं. पाटात गाळ साचला की पाणी बांध फोडून भलत्याच शेतात शिरतं ना, तसंच रक्त मग अन्ननलिकेच्या शिरांमधून वाट काढतं, त्या फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटून रक्ताची उलटी होते. हे प्रेशर मोजता येतं. नॉर्मल ५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत, १० च्या पुढे धोका सुरू, १२ च्या पुढे शिरा फुटू शकतात.

आता मजा अशी, की हा कोलॅजेन दगडासारखा कायमचा नसतो. लिव्हर तो तोडणारी एन्झाइम्स बनवतच असतं, पण चिडलेली स्टेलेट सेल त्या एन्झाइम्सना आवरणारी टिम्प नावाची प्रोटिन्सही सोडते, म्हणजे साफसफाईचं कामच बंद पाडते. व्हायरस गेला की सिग्नल थांबतो, टिम्प कमी होतं, बऱ्याच स्टेलेट सेल्स आत्महत्या करतात (पेशीसुद्धा करतात, त्याला अपॉप्टोसिस म्हणतात) आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की काही तर परत शांत होऊन जवळजवळ पहिल्यासारख्या वागतात. मग एन्झाइम्स कोलॅजेन कुरतडायला लागतात. वर्षं लागतात, पण व्रण विरतात. मात्र जुना कोलॅजेन असतो त्याचे धागे एकमेकांना रासायनिक टाके घालून पक्के बांधलेले असतात, त्यात इलास्टिन मिसळलेलं, तो सहजासहजी तुटत नाही. म्हणून उशीर जितका जास्त तितके व्रण कमी विरतात.

यात एक फसगत होते. औषध संपल्यावर फायब्रोस्कॅन केला आणि आकडा २२ वरून १३ वर आला की लोक पेढे वाटतात. तो आकडा लिव्हरचा कडकपणा मोजतो, आणि सूज उतरली तरी कडकपणा झटकन कमी होतो. व्रण इतक्या लवकर विरघळलेले नसतात आणि पोर्टल प्रेशरही बऱ्याच जणांचं धोक्याच्या रेषेच्या वरच असतं.

मग घ्यायचं की नाही? लिव्हर अजून काम सांभाळतंय का, हे आधी बघायचं. त्यासाठी चाइल्ड-प्यू नावाचा स्कोअर असतो. समजा रिपोर्टमध्ये बिलिरुबिन २.४ (२ गुण), अल्ब्युमिन ३.० (२), रक्त गोठण्याची टेस्ट आयएनआर १.५ (१), पोटात थोडं पाणी (२), भ्रम वगैरे काही नाही (१). बेरीज ८. पाच-सहा म्हणजे ए, सात ते नऊ बी, दहा आणि पुढे सी, तर हा पेशंट बी. ए मध्ये विचार करण्यासारखं काही नाही, औषध घ्या, लवकर घ्या. सरकारी कार्यक्रमात अशा सिरोसिसला सोफोसबुविर आणि त्याच्या जोडीचं औषध वेलपाटासविर बारा आठवडे देतात.

बी मध्येही घ्यायचंच, पण लिव्हरच्या डॉक्टरच्या नजरेखाली. २०१५ साली अमेरिकेतल्या एका ट्रायलमध्ये अशाच बी च्या पेशंटना हे कॉम्बिनेशन दिलं तर ८३ टक्के बरे झाले, सोबत रायबाविरिन दिलं तर ९४ टक्के. निम्म्याच्या आसपास लोकांचा स्कोअर सुधारला, बऱ्याच जणांचा होता तिथेच राहिला आणि ११ टक्क्यांचा उलट बिघडला. म्हणजे व्हायरस जाणं आणि लिव्हर सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधीच समजून घेतलेलं बरं. आणि ज्यांचा स्कोअर बी किंवा सी आहे त्यांना ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी "प्रेविर" येतं ती चालत नाहीत, लिव्हरला ती बाहेर टाकता येत नाहीत आणि रक्तात साठतात.

खरा पेच स्कोअर सी असलेल्यांचा. तिथे मेल्ड नावाचा दुसरा स्कोअर बघतात, ६ ते ४० चा, जितका जास्त तितकं लिव्हर वाईट, ट्रान्सप्लांटच्या यादीत नंबर त्यावरून लागतो. व्हायरस घालवला की मेल्ड थोडा उतरतो, नंबर मागे जातो, पण माणूस धड बरा नाही आणि ट्रान्सप्लांटही नाही, मधल्यामध्ये लटकतो. म्हणून युरोपातल्या गाईडलाइन्स सांगतात की मेल्ड १८-२० च्या वर असेल आणि लिव्हर सहा महिन्यांत मिळण्यासारखं असेल तर आधी ट्रान्सप्लांट, व्हायरसचं नंतर बघू. नंतरही औषध छान लागू पडतं. आपल्याकडे बहुतेक ट्रान्सप्लांट घरातल्याच कुणाच्या लिव्हरचा तुकडा घेऊन होतात, तारीख बऱ्यापैकी आपल्या हातात असते, त्यामुळे हे गणित यादीपेक्षा डोनर तयार आहे का यावर जास्त फिरतं. लिव्हरचा कॅन्सरही असेल तर सहसा आधी त्याचा इलाज.

आणि या सगळ्यात वेळ कुठे जातो? कावीळ उतरवणाऱ्यांकडे! हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावायचा, मग चुन्याच्या निवळीत हात धुवायचे, पाणी पिवळं होतं, लोक हात जोडतात. साधी केमिस्ट्री आहे. हेपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ बहुतेक वेळा आपोआपच बरी होते म्हणून यांचं नाव होतं. सिरोसिसमधली कावीळ म्हणजे लिव्हर हात टेकतंय, तिथे दोन महिने वाया गेले तर स्कोअर बी वरून सी वर जाऊ शकतो. "लिव्हर टॉनिक" आणि काढ्यांचंही तेच, कोविडच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हर सुजलेल्या पेशंटवर मुंबईच्या डॉक्टरांनी पेपरच लिहिलाय.

गोळ्या सुरू करायच्या आधी हेपॅटायटिस बीची टेस्ट झालीच पाहिजे, कारण सी गेल्यावर दबून बसलेला बी उसळू शकतो. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल, फिटच्या काही गोळ्या, हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन, हे सगळं डॉक्टरला सांगायचं. आणि ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची पॅन्टोप्राझोल, जी आपल्याकडे प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर असते आणि कुणी औषधात मोजतच नाही, तीसुद्धा सांगायची. वेलपाटासविरला शोषून घ्यायला पोटातलं ॲसिड लागतं, ॲसिड मारलं तर गोळीचा बराच भाग वाया.

गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए टेस्ट करतात, निगेटिव्ह आली की व्हायरस गेला. अँटीबॉडी टेस्ट बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्हच राहते, तिला घाबरून परत गोळ्या मागायला जाऊ नका. पण सिरोसिस झाला होता त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालूच ठेवायची, कारण कॅन्सरचा धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही, आणि छोटी गाठ वेळेत सापडली तर ती जाळून किंवा कापून काढता येते.